शमादानाची पाठ

सेमिनरीत असताना प्रवचनकलेच्या तासाला आम्हांला एक गोष्ट सांगण्यात आली होती. मध्ययुगातील एका कॅथेड्रलच्या उंच माथ्यावर बसवायच्या मूर्तीची पाठ एक शिल्पी दिवसचे दिवस कोरीत बसला होता. जाणाऱ्या-येणाऱ्याने त्याला विचारले, ‘‘ही बाजू तर भिंतीकडे जाणार. ती कोण पाहणार आहे?’’ शिल्पी म्हणाला, ‘‘देव पाहील.’’ आपणही ही गोष्ट ऐकली असेल. कारण आम्हां धर्मगुरूंपैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी सांगितलेली आहे. मी तर ती इतक्यांदा सांगितली की, ती घडलेली की रचलेली, हा प्रश्नच मनात येईनासा झाला.

ह्याच गोष्टीच्या जोरावर मी एकदा एक मोठी चूक केली. ती आज लिहून काढीत आहे. चुकीची कबुली द्यावी एवढाच हेतू नाही. त्या चुकीने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो अजून माझी पाठ सोडीत नाही.

साल २००३. एका लहानशा धर्मग्रामाची जबाबदारी माझ्याकडे नुकतीच आली होती आणि चर्चचा सण दीड महिन्यावर होता. आल्तारावर सहा जुनी शमादाने होती. उंची अडीच फुटांच्या आसपास, लाकूड बहुधा सागाचे. तळाशी तीन पायांची बैठक, तिला सिंहाच्या पंजासारखे पाय. त्यावर चरकावर कातलेला दांडा. दांड्यावर मणी, मग खोलगट गळा, मग घटासारखा फुगीर भाग, पुन्हा मणी. फुगीर भागावर पाने कोरलेली. अगदी वर मेण झेलण्यासाठी कातीव वाटी आणि तिच्या मध्यातून निघालेला लोखंडी खिळा. समोरच्या बाजूने हे सारे सोन्याच्या वर्खाने मढवलेले होते. काळाच्या ओघात वर्ख विरला होता, काही ठिकाणी खालची तांबडी माती डोकावत होती, आणि मेणाच्या व धुराच्या थराने सोने मधासारखे काळपट झाले होते. ती कोणी घडवली याची नोंद चर्चच्या दप्तरात नाही. घडण मात्र गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये दिसते तशी.

सणासाठी ती उजळून घ्यावीत असे मंडळाच्या बैठकीत ठरले. ठरले म्हणजे मी ठरवले, आणि इतरांनी मान डोलावली. त्या परिसरात तीन पिढ्या सुतारकी करणारे एक मिस्त्री होते. हिंदू; पण त्यांच्या वडिलांनीच चर्चची दारे बसवली होती, आणि सणाच्या मंडपाचे काम न बोलावताही त्यांच्याकडेच जाई. त्यांनी एक शमादान हातात घेतले, फिरवले आणि थांबले. मागची सारी बाजू कोरी होती. सोने तर नव्हतेच, पण कोरलेली पानेही अर्ध्यावर येऊन थांबलेली. पुढे नुसत्या पटाशीच्या खुणा, एकीशेजारी एक, शेतातल्या नांगरटीसारख्या.

‘‘फादर, मागची बाजूही रंगवायची?’’ त्यांनी विचारले.

मी म्हणालो, ‘‘मिस्त्री, देवाला मागची बाजूही दिसते.’’

आपल्याला वेळेवर नेमके वाक्य सुचले, याचा मला त्या क्षणी चांगलाच आनंद झाल्याचे आठवते. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी सहाही शमादाने पॉलिश पेपरने घासली, मागून-पुढून गुळगुळीत केली आणि सोनेरी ऑइल पेंटचे दोन हात दिले. सणाच्या दिवशी आल्तार असा झळकला की, लोकांनी माझे अभिनंदन केले.

त्या झळकण्याचे आयुष्य फार नव्हते. बाजारात मिळणाऱ्या सोनेरी रंगात सोने नसते. व्हार्निशमध्ये कालवलेली पितळेची, म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची भुकटी असते. हवेने आणि दमटपणाने तांबे काळवंडते. दहा-बारा वर्षांनी एका फेस्ताच्या निमित्ताने मी त्या धर्मग्रामात पाहुणा म्हणून गेलो, तेव्हा सहाही शमादाने मळकट तपकिरी झाली होती. त्या दिवशी माझ्याबरोबर जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम जाणणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी नखाने रंगाचा एक पापुद्रा सोडवला, खाली पाहिले आणि हळूच विचारले, ‘‘रंगवण्यापूर्वी घासले होते का?’’ घासले होते. उंचवट्यांवरचे जुने सोने पेपरने निघून गेले होते. खोबणींत काही उरले आहे, तेवढेच. मला एकदम आठवले, त्या वेळी साक्रिस्तीच्या पडवीत पिवळसर तांबूस धूळ पसरली होती, आणि संध्याकाळी ती मीच झाडायला सांगितली होती.

त्यानंतर मी ह्या कामाविषयी जमेल तसे शिकत गेलो. शिकायला हवे होते ते आधी. पण प्रायश्चित्ताचा क्रम बहुधा असाच उलटा असतो.

प्रथम सावंतवाडीला जाऊन चरकावरचे काम पाहिले. तेथील चिताऱ्यांची लाकडी खेळणी व फळे आपल्या घराघरांत आहेत. पूर्वी एकजण दोरी ओढून चरक फिरवी व दुसरा हत्यार धरी. आता मोटर आहे. सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि हत्यार चालवतो. कातारी ह्याच्या उलट करतो. त्याचे लाकूड दोन टोकांमध्ये अडकून गरगर फिरते आणि हत्यार धरलेला हात जवळजवळ निश्चल असतो. हाताने एक केसभर जागा बदलली की लाकडावर गळा उमटतो, मणी उमटतो. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडाला चिकटते, आणि केवड्याच्या पानाने ती घोटली की आरशासारखी चकाकते. आपल्या भाषेत रेखीव चेहऱ्याला ‘कातीव’ म्हणतात, तो शब्द ह्याच कामातून आला आहे. एरवी तो शब्द कथा-कादंबऱ्यांतल्या नायिकांच्या वाट्यालाच जातो.

तेथे उभा असताना एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. चरकावरून उतरलेल्या वस्तूला पाठ नसते. जे लाकूड फिरत फिरत घडले, त्याच्या सर्व बाजू सारख्याच. कातारी कोणत्याही बाजूला दर्शनी म्हणत नाही. त्याच्या हत्यारापुढून प्रत्येक बाजू एका क्षणात शेकडो वेळा गेलेली असते. मग आमच्या शमादानांना पाठ आली कोठून?

ती आली चरक थांबवल्यावर. चरकाला फक्त गोल समजते. पान समजत नाही. ज्याला गोलावर पान फुटावे असे वाटते, त्याला चाक थांबवावे लागते, लाकूड बाकावर आडवे ठेवावे लागते आणि पटाशी व मोगरी हाती घ्यावी लागते. तेव्हापासून पुढचे आणि मागचे सुरू होते. जुन्या चर्चमधील पिळाचे खांब याच तऱ्हेने होतात. ओल्ड गोव्याच्या बाँ जेझुस बसिलिकेच्या मुख्य आल्तारावर असे पीळदार खांब आहेत. साधा चरक पीळ काढीत नाही. तो गोल दांडा देतो, त्यावर तिरप्या रेषा आखतात, आणि मग हाताने खोदत खोदत लाकडाला वळवतात. वर कोरायची पाने बहुधा आकँथस नावाच्या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची. ग्रीक शिल्पींनी ती खांबांच्या माथ्यावर चढवली, रोमनांनी उचलली, पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली. आपल्या खाडीच्या चिखलात वाढणारी काटेरी मारांडी ही त्याच प्रजातीतली. कोळंबी धरायला जाणाऱ्यांच्या पायांना ओरबाडणारी वनस्पती आल्तारावर सोन्याने मढून बसली आहे, हे आपल्या लोकांना कळले तर ते नक्की हसतील.

कोरणाऱ्याला ठाऊक होते की, शमादान भिंतीपुढे उभे राहणार. मिस्साच्या वेळी लोक पाहणार ते समोरून. म्हणून त्याने पाने समोर पूर्ण केली आणि पाठीकडे सोडून दिली. जुन्या आल्तारांच्या बाबतीतही हेच. एखाद्या भव्य सुवर्णमंडित आल्तारामागे जाण्याची संधी मिळाली तर जरूर जावे. तेथे रंध्याने धड न तासलेल्या फळ्या, वासे, पाचरी, कोळिष्टके दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. माझाही झाला होता.

आता सोन्याविषयी. ह्या भागाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. वर्ख थेट लाकडावर बसत नाही. लाकडाला आधी सरस पाजतात. मग खडूची किंवा जिप्समची बारीक पूड सरसात कालवून त्याचे थरावर थर देतात. इ. स. १४०० च्या सुमारास इटलीत चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने ह्या कारागिरीवर एक पुस्तक लिहिले. तो शेवटच्या बारीक लेपाचेच आठ थर सांगतो. थर वाळले की घासायचे. कोरलेल्या रेषा लेपाने बुजतात, म्हणून त्या लेपातच पुन्हा उकरून काढायच्या. त्यावर तांबड्या चिकणमातीचा मऊ थर. माती ओली करून वर्खाचे पान जवळ नेले की ते आपण होऊन झेप घेतल्यासारखे चिकटते. एखादी जागा सुकली असेल तर कारागीर तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो. माती आणि श्वास हे शब्द एकत्र आले की उत्पत्तीचे पुस्तक आठवावे, हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे. तो क्षम्य मानावा. शेवटी अकीकाच्या गुळगुळीत खड्याने वर्ख घोटतात. चेन्नीनीच्या काळी ह्या कामाला कुत्र्याचा, लांडग्याचा, मांजराचा दातही चाले. खाली मऊ माती आहे म्हणूनच वरचे सोने घोटता येते आणि भरीव धातूसारखे दिसते.

आणि हे सोने असते किती? वर्ख आज एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ कुटतात. एका ग्रॅमचा वर्ख सुमारे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग झाकतो. जुना वर्ख याहून जाड असे. तरी आमच्या सहा शमादानांवर मिळून अंगठीपुरते सोने असेल. चेन्नीनीने यावरही लिहून ठेवले आहे: वर्खवाले एका डुकातच्या नाण्यातून एकशे पंचेचाळीस पाने काढतात, पण सपाट जागेसाठी शंभराहून अधिक काढू देऊ नयेत. पातळपणालाही त्याने एक मर्यादा आखली होती.

हा हिशेब मी मुद्दाम मांडला. चर्चमधील सोने पाहून अनेकांच्या मनात, आणि उघडपणे सांगायचे तर माझ्याही मनात, बेथानीच्या घरातला तो प्रश्न येतो: हे विकून गोरगरिबांना का दिले नाही? योहानाच्या शुभवर्तमानात तो प्रश्न यहूदाच्या तोंडी आहे आणि सुगंधी तेलाची किंमत तीनशे दीनार सांगितली आहे. प्रश्नकर्ता वाईट होता म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही. चौथ्या शतकात संत जॉन क्रिझोस्तोम यांनी मत्तयवरील प्रवचनांत हाच प्रश्न यहूदापेक्षा किती तरी प्रखरपणे विचारला होता. ख्रिस्ताचे मेज सोन्याच्या पात्रांनी भरायचे आणि तोच ख्रिस्त दाराशी उपाशी मरत असेल तर त्याचा काय उपयोग, असा त्यांचा आशय. भुकेल्याला आधी जेवू घाला, मग उरल्यास मेज सजवा. त्यांनी सजवू नका असे म्हटले नाही, हे आपण सोयीस्करपणे लक्षात ठेवतो. आधी काय, ते विसरतो.

पण शमादानांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने माझ्याकडे परत आला. त्यांच्यावरचे सोने विकून एका कुटुंबाचा महिनाही निघाला नसता. ती श्रीमंतांची वस्तूच नव्हती. ज्यांना भरीव धातूचे दीपवृक्ष परवडत नव्हते, त्यांनी लाकडाचा दांडा कातून घेतला, त्याला पाने फोडली आणि अंगठीभर सोने त्यावर पसरून पसरून ते सहा शमादानांना पुरवले. मागच्या बाजूला नाही पुरले. किंवा पुरवावे असे वाटले नाही. ज्याला मी त्या दिवशी कामचुकारपणा समजलो, तो कदाचित क्रिझोस्तोमच्या हिशेबाशी अधिक जवळचा होता: जेथे लोकांची नजर प्रार्थनेत विसावते तेथे सोने, आणि जेथे फक्त भिंत आहे तेथे लाकूड. दोन डबे रंग जास्त आणून पाठ सोनेरी करणाऱ्या माझ्यापेक्षा त्या अनामिक माणसांचा विवेक शाबूत होता.

‘अनामिक’ म्हणताना मी अडखळतो. गोव्यात हे काम कोणाच्या हातांनी झाले, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही. आल्तार, व्यासपीठे व मूर्ती यांच्या घडणीत हिंदू कारागिरांचे हात होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने, ख्रिस्ती लोकांनी पूजेच्या प्रतिमा व वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे ठरवले. जी गोष्ट घडतच नाही, तिच्यावर कोणी बंदी घालीत नाही. आणि बंदीनंतरही ती थांबलेली दिसत नाही. गोव्यातील काही जुन्या व्यासपीठांना ज्या नागिणीसारख्या आकृत्यांनी आधार दिला आहे, त्या लिस्बनहून आलेल्या नाहीत. ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी ओल्ड गोव्यातील सांता मोनिका येथले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहावे. ते १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये येथे हलवले गेले.

आता लेपाची गोष्ट आठवा. दर्शनी बाजूवर खडूचे थर चढतात, कोरलेल्या खुणा बुजतात, माती येते, सोने येते, घोटाई होते. समोरून पाहणाऱ्याला पटाशीचा एकही घाव दिसत नाही. कोरणाऱ्याचा हात तेथे कायमचा झाकला जातो. तो उघडा राहतो एकाच जागी: पाठीवर. तेथे त्याची पटाशी किती रुंद होती, तो कोणत्या दिशेने कोरीत होता, लाकडाची गाठ आली तेव्हा तो कोठून वळला, हे सारे बोटांना कळते. ज्या माणसाचे नाव दप्तरात नाही, कदाचित ज्याला हे काम द्यायलाच मनाई होती, त्याची एवढीच सही होती. ‘देवाला मागची बाजूही दिसते’ असे म्हणून मी ती घासून टाकली. देवाला तेथे काय दिसत होते, हे मी पाहिलेच नव्हते.

यावर एक आक्षेप मीच माझ्यापुढे ठेवला. निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशाचे वर्णन आहे: बाभळीचे लाकूड, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आणि ते आतून व बाहेरून शुद्ध सोन्याने मढवावे अशी आज्ञा. आतून! झाकण लागल्यावर जे कोणालाच दिसणार नाही, तेथेही. म्हणजे तो मध्ययुगीन शिल्पीच बरोबर नव्हे काय? बरेच दिवस ह्यावर मला उत्तर नव्हते, आणि आजही पुरते आहे असे नाही. पण एक उलट प्रश्न सुचला. आतून-बाहेरून सोनेच हवे, तर मध्ये लाकूड कशाला? त्याच अध्यायातील दीपवृक्ष तर संपूर्ण सोन्याचाच सांगितला आहे. मला वाटते, कोश खांद्यावर वाहून न्यायचा होता. अरण्यात चालणाऱ्या लोकांना भरीव सोन्याचा कोश पेलला नसता. सोन्याला वाटचाल करता यावी म्हणून लाकूड.

अलेक्झांड्रियाच्या संत सिरिल यांनी ह्या लाकडात व सोन्यात ख्रिस्ताची मानवता व देवत्व यांचे प्रतीक पाहिले. ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या विश्वपरिषदेने दोन्ही स्वभावांविषयी जे शिकवले, की ते एकमेकांत मिसळून जात नाहीत आणि एकमेकांपासून तुटतही नाहीत, त्याला वर्ख चढवलेल्या लाकडाची उपमा बरी लागू पडते. लाकूड सोने होत नाही, सोने लाकूड होत नाही. मात्र उपमा येथेच थांबवावी. देवत्व हा ख्रिस्ताच्या अंगावरचा पापुद्रा नव्हे. तसे म्हणाल तर आमचे ईशज्ञानाचे प्राध्यापक स्वर्गातून लाल शाई पाठवतील.

तर मुलामा ही लबाडी आहे काय? ढोंगाला प्रभू येशूने चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली. तरुणपणी मी त्या वचनाचा अर्थ फार सरळ घेत असे: बाहेर चकाकी, आत तसे नाही, म्हणजे ढोंग. आणि ह्या मापाने मी माणसेही मोजत असे.

शमादाने रंगवली त्याच काळात त्या धर्मग्रामात एक गृहस्थ होते. ख्रिस्तशरीराच्या सणाच्या मिरवणुकीत छत्राची एक काठी धरण्याचा मान त्यांच्या घराकडे वडिलांपासून होता. ते दारू पीत. सणाच्या दिवशी मात्र पहाटे उठून, दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत आणि दोन तास उन्हात ती काठी सरळ धरीत. त्यांच्या शनिवार-रविवारच्या हकिगती गावाने माझ्या कानांवर घातल्या होत्या. मी त्यांचे नाव यादीतून काढले. वर समजावून सांगितले की, आत एक आणि बाहेर एक असे देवाला चालत नाही. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून ते येईनासे झाले. पत्नी येई, मुले येत. एकदा त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘‘फादर, वर्षातून तेवढा एक आठवडा ते पीत नसत.’’

त्या वर्षी माझे दोन्ही निर्णय एकाच तर्कातून निघाले होते, हे कळायला मला फार वर्षे लागली. शमादानाची पाठ कोरी म्हणून मी ती सोनेरी केली. माणसाची पाठ कोरी म्हणून त्याचे समोरचे सोनेही खरवडून काढले. दोन्हींत मला कोरी पाठ सहन होत नव्हती. त्या गृहस्थांचा पांढरा शर्ट हे ढोंग नव्हते. त्यांनी कधी आपण पीत नाही असे सांगितले नव्हते. साऱ्या गावाला त्यांची पाठ ठाऊक होती. त्यांच्याकडे जेवढे सोने होते तेवढे ते प्रभूच्या समोरच्या बाजूला लावीत होते. कबरीला चुना लावणारे वेगळे. ते चारही बाजूंनी लावतात, आणि आत हाडे आहेत असे कोणी म्हटले की चिडतात. मी हे लिहितो तेव्हा व्यसनाला सोन्याचा मुलामा देत आहे असे कृपया समजू नये. त्या घराने जे सोसले ते मी पाहिले आहे, आणि पत्नीने सोसलेल्या मारापुढे शुभ्र शर्टाचे कौतुक करणे मलाही जमणार नाही. पण जो माणूस वर्षातला एक आठवडा स्वतःला घोटून घोटून उजळ करीत होता, त्याच्या हातून ती काठी काढून घेतल्याने त्या घरातील एकही शनिवार बरा झाला नाही.

ते गृहस्थ २०११ साली वारले. अंत्यविधी दुसऱ्या धर्मगुरूंनी केला. मी तेव्हा दूर होतो आणि मला उशिरा कळले.

गेल्या वर्षी, त्या धर्मग्रामाच्या आजच्या प्रमुख धर्मगुरूंच्या परवानगीने, शमादानांचे काम पुन्हा हाती घेतले आहे. जाणकार बाईंच्या देखरेखीखाली पितळी रंग कापसाच्या बोळ्याने थोडा थोडा काढला जातो. एका दिवसात हातभर जागाही होत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात, देवाच्या घरातील मौल्यवान वस्तू नष्ट होऊ नयेत याची काळजी घेण्यास सांगितले आहे. ते कलम मी विद्यार्थी असताना पाठ केले होते. खोबणींतून जुने सोने दिसू लागले आहे. उंचवट्यांवर माती आणि खडू. पाठी पेपरने गुळगुळीत झालेल्या आहेत, त्यांना इलाज नाही.

एका शमादानाची वरची वाटी फुटून हरवली होती. त्याच मिस्त्रींच्या मुलाने आपल्या लेथवर सागाची नवी वाटी कातून दिली. सुरेख आहे, जुन्या पाचांच्या मापाला तंतोतंत. आता वाद आहे तो तिला वर्ख लावावा की नाही याचा. स्मारकांच्या जतनासंबंधी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, ती म्हणते की, नवा भाग जुन्याशी मेळ राखणारा असावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. बाई म्हणतात, तसेच ठेवा. धर्मग्रामातील मंडळी म्हणतात, सहांतले एकच उघडे कसे दिसेल? मी ह्या वेळी मत दिलेले नाही.

मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलाबरोबर ते एक दिवस साक्रिस्तीत आले. मी त्यांना माझी चूक सांगितली. त्यांच्याकडून मी काय करवून घेतले तेही सांगितले. ते म्हणाले, ‘‘तुम्ही सांगितलंत फादर, आम्ही केलं.’’ मग त्यांनी रांगेतले शेवटचे शमादान उचलले, उलटे केले आणि बैठकीच्या मागे, पंजाच्या वर, चार बोटे रुंदीची एक जागा दाखवली. तेथे पेपर लागला नव्हता आणि रंगही नव्हता. जुने काळे लाकूड आणि त्यावर पटाशीचे सात-आठ घाव, एकीशेजारी एक.

‘‘इथं ब्रश पोचत नव्हता,’’ मिस्त्री म्हणाले.

मी त्या जागेवर बोट फिरवले. ब्रश तेथे सहज पोचला असता.